हमीच्या आठ जागा

शारजातल्या आमच्या विद्यापीठातून दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी आठ पत्रं निघायची. जाड, किंचित पिवळसर कागद, उजवीकडे अरबी मजकूर, डावीकडे इंग्रजी आणि खाली निळा शिक्का. ती छापायची, नावांची स्पेलिंगं दोनदा तपासायची आणि पाकिटात घालायची, हे काम एकोणीस वर्षं माझ्याकडे होतं. आता पत्रं निघत नाहीत. पोर्टलवर हिरवी खूण उमटते आणि मुलं ती फोनवर बघतात. गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा उरलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा मी मागून घेतला. सध्या त्यावर किराण्याच्या याद्या होतात.

निवृत्तीनंतर मुलाकडे, दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहायला आले. घर छान आहे, खालीच सुपरमार्केट आहे, लिफ्टमध्ये सगळे हसून 'हाय' म्हणतात. पण मला सवय शारजातल्या रोल्ला भागाची. तिथे आमच्या इमारतीखाली कापडाची दुकानं, कोपऱ्यावर गजरे विकणारा मल्याळी, आणि संध्याकाळी भाजीला उतरलं की दहा पावलांत कुणीतरी गाठून विचारणार, "मॅडम, आमच्या मुलाचं काही होईल का हो?" तेव्हा वैताग यायचा. आता कुणी विचारत नाही, तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

लोक काय विचारायचे ते समजायला आधी ती व्यवस्था सांगायला हवी. आपल्याकडे बारावी झाली की एक परीक्षा आणि मग थेट मेडिकल. आमच्या विद्यापीठात तसं नव्हतं. आधी विज्ञानाची चार वर्षांची पदवी, मग प्रवेश परीक्षा, मग मेडिकल कॉलेज. त्यात एक जवळची वाट ठेवलेली होती. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मुलांनी अर्ज करायचा. गुण, निबंध आणि मुलाखत बघून समिती आठ जणांना निवडायची आणि लेखी द्यायची की, तुमची मेडिकलची जागा आजच राखून ठेवली आहे. उरलेली दोन वर्षं गुण घसरू देऊ नका, प्रवेश परीक्षा तुम्हाला माफ. त्यामागचा विचार चांगला होता. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या डोक्यावरचं ओझं उतरावं, त्यांनी मोकळेपणाने शिकावं, जमलं तर इतिहास वाचावा, हॉस्पिटलात जाऊन माणसं बघावीत.

पालकांनी त्यातून एवढाच अर्थ काढला, की बारावीला संपलेल्या शर्यतीची अजून एक फेरी शिल्लक आहे.

किती तऱ्हेची माणसं आली! एका कॉन्ट्रॅक्टर वडिलांनी मुलाचं पत्र फ्रेम करून ऑफिसात, लायसन्सच्या शेजारी लावलं होतं. "फ्रेमला तीनशे दिरहम गेले, म्हणजे सात हजार रुपये झाले, पण बघा कशी उठून दिसते," असं मला आवर्जून फोन करून सांगितलं. एक बाई विचारायला आल्या, की पत्र आल्यावर मुलगी डॉक्टर आहे असं स्थळांना सांगितलं तर चालेल का. मी म्हटलं, "अहो, अजून सहा वर्षं आहेत." त्या म्हणाल्या, "स्थळ जमायलाही तेवढी लागतातच." माझा त्या कामात जीव रमला होता. अर्ज लावून घेणं, मुलांचे निबंध वाचून सूचना देणं, मुलाखतीला कोपऱ्यात बसून टिपणं घेणं आणि शेवटी निकाल सांगणं, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. मी सूचना दिलेले निबंध पास होतात अशी माझी ख्याती झाली होती, आणि ती मला आवडत होती.

त्या ख्यातीच्या भरात माझ्या हातून जे झालं ते आज लिहिते आहे.

केतकी कदम ही शारजात वाढलेली मुलगी. वडील हमरिया फ्री झोनमधल्या पॅकेजिंगच्या कारखान्यात सुपरवायझर, आई घरी. आई साताऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, मराठी सोडून कामापुरती हिंदी येणारी. केतकी आईशी तेवढी मराठी बोलायची, बाकी कुणी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणार. बारीक चणीची, बोलायच्या आधी क्षणभर थांबणारी. दुसऱ्या वर्षी तिचे गुण वर्गात सर्वांत वर होते. तिचा निबंधाचा कच्चा खर्डा माझ्याकडे आला तेव्हा मी चहा घेत सहज वाचायला घेतला आणि चहा तसाच राहिला.

तिने लिहिलं होतं ते असं. ती पंधरा वर्षांची असताना आईला डोळ्यांपुढे काळे ठिपके दिसायला लागले. आईला मधुमेह होता. वडिलांची ड्यूटी होती म्हणून केतकी दुभाषी म्हणून बरोबर गेली. लहानपणापासून बँकेत, शाळेत, दवाखान्यात आईचं बोलणं तीच पोचवायची. डॉक्टर इंग्रजीत म्हणाला, डोळ्याच्या पडद्याला इजा झाली आहे, लेसरचे उपचार याच आठवड्यात सुरू करायला हवेत, नाहीतर नजर जाऊ शकते. आईने केतकीचा हात धरून विचारलं, "काय म्हणतायत गं? गावाला जाता येईल ना?" मामाचं लग्न होतं, सहा वर्षांनी आई माहेरी निघाली होती, बॅगा भरून झाल्या होत्या. केतकी म्हणाली, "हो. औषध दिलंय. आल्यावर परत दाखवायचंय." पुढच्या तारखेची चिठ्ठी तिने दप्तरात ठेवून दिली. आई तीन महिने गावाला राहिली. तिथेच एका सकाळी उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. तो डोळा गेला.

हे तिने घरी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. उलट आई चार बायकांत बसली की सांगायची, "शारजाच्या त्या डॉक्टरनं मला काही म्हणजे काही सांगितलं नाही. त्यानं माझा डोळा घालवला." आणि केतकी तिथेच बसून ते ऐकायची. निबंधाचं शेवटचं वाक्य होतं, "पेशंटला खरं सांगणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे, म्हणून मला ते शिकायचं आहे."

मी तिला बोलावून घेतलं. "केतकी, हे काढायचं."

"बट इट्स द रीझन, मॅम. बाकी काहीच रीझन नाहीये."

"समिती काय वाचेल माहितीये? ही मुलगी पेशंटशी खोटं बोलते. आठ जागा आहेत, अर्ज दीडशेच्या वर. आईचा डोळा गेला, म्हणून मला डॉक्टर व्हायचं आहे, एवढंच ठेव. तेही खरंच आहे."

ती थांबली. मग म्हणाली, "तेवढंच लिहिलं तर ते खरं राहत नाही."

"तुला पत्र हवंय की नको?"

मी लाल पेनने दोन परिच्छेदांवर तिरक्या रेघा मारल्या. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. रोल्लातली सगळी मुलं ठेवायची.

मुलाखतीला समितीत पाच जण असत. अध्यक्ष डॉक्टर ताहा सुदानचे, उंच, हळू बोलणारे, प्रत्येक उमेदवाराला स्वतः उठून पाणी देणारे. केतकीची मुलाखत चांगली चालली होती. मग सर्जरीच्या एक प्रोफेसरबाई होत्या, त्यांनी निबंध उलटून पाहिला आणि साधाच प्रश्न केला. "मधुमेहात डोळ्याचा पडदा खराब होतो, पण वेळेत कळलं तर तो वाचवता येतो. तुझ्या आईला वेळेत का कळलं नाही?"

प्रश्न इतका उघड होता की मला आधीच सुचायला हवा होता. केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून कागदावर तारीख लिहीत बसले, जी मी आधीच लिहिलेली होती.

"वेळेत कळलं होतं," ती म्हणाली. "मला कळलं होतं. मी तिला सांगितलं नाही." आणि मग तिने सगळं सांगितलं. चिठ्ठीपर्यंत सगळं. रडली नाही.

प्रोफेसरबाईंनी विचारलं, "हे निबंधात का नाही?"

"आधी होतं. मी ते काढलं."

'मी' म्हणाली. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. टिपणं घेणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही असा नियम होता, आणि त्या नियमामागे मी लपले.

ती बाहेर गेल्यावर चर्चा झाली. पंधरा वर्षांच्या पोरीच्या चुकीबद्दल कुणालाच राग नव्हता. डॉक्टर ताहा तर म्हणाले, अशी जबाबदारी मुलावर टाकली जाते हा आम्हा डॉक्टरांचा दोष आहे. घोडं अडलं ते दुसरीकडेच. प्रोफेसरबाई म्हणाल्या, "पंधराव्या वर्षी लपवलं ते मी समजू शकते. विसाव्या वर्षी, आम्हाला लिहिताना, तिने पुन्हा लपवलं. विचारलं नसतं तर सांगितलं नसतं." मतं पडली. तीन विरुद्ध दोन. केतकीचं नाव यादीत आलं नाही. ते तीन-दोन मी माझ्या हाताने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टर ताहांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, की तो मजकूर मी काढायला लावला होता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही नाही चढवला.

"मॅडम, काल सांगितलं असतं तर एक मत फिरलं असतं. तिने मुद्दाम लपवलं, हेच माझ्याही मनात होतं. आता कागद वर गेला, सही झाली. खलास."

"मी लेखी देते, सर. माझी चूक म्हणून."

"द्या. तुमच्या फाइलला लागेल. तिची जागा आता दुसऱ्या मुलाची झाली आहे, त्याने काही केलेलं नाही." मग चष्मा परत लावत म्हणाले, "तिला दोन वर्षांनी सगळ्यांसारखी परीक्षा देता येईल. तेव्हा निबंधाला हात लावू नका."

मी लेखी दिलं. त्या वर्षीची माझी बढती राहिली, ते योग्यच झालं.

निकालानंतर आठवड्याने केतकीची आई माझ्या ऑफिसात आली, केतकीला घेऊन. एवढे गुण असून नाव का नाही, हे त्यांना मराठी माणसाकडून ऐकायचं होतं. हिरवी सुती साडी, उजव्या डोळ्याच्या बाजूने कुणी आलं की पूर्ण मान वळवून बघायच्या. खुर्चीवर अगदी कडेला बसल्या.

"मॅडम, तुम्ही आपल्यातल्या. खरं काय ते सांगा. हिनं अभ्यास केला नाही का?"

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "तसं नाही हो वहिनी. या वर्षी जागाच कमी होत्या. अर्ज फार आले."

वाक्य तोंडातून गेलं आणि केतकीकडे लक्ष गेलं. ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता, ओळख होती. ती मराठीत बोलली. तिला एवढं सलग मराठी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आई, जागा कमी नव्हत्या. मी तुला एक गोष्ट सांगितली नाहीये."

तिने सांगितलं. आई ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांचा हात उजव्या गालापर्यंत गेला आणि परत मांडीवर आला. मला वाटलं, आता त्या हात उगारतील, किंवा उठून जातील. त्या म्हणाल्या, "तो डॉक्टर काय म्हणाला होता?"

"सांगितलं ना आता."

"तसं नाही. तो कसा कसा म्हणाला, ते सांग. शब्दाला शब्द."

आणि मग पाच वर्षांपूर्वीचं ते बोलणं केतकीने आईला मराठीत सांगायला घेतलं. "तो म्हणाला, तुमच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बारीक रक्तवाहिन्या फुटतायत. तो म्हणाला, मला काळजी वाटते. तो म्हणाला, याच आठवड्यात या. मग त्याने विचारलं, यांना समजलं का? आणि मी म्हणाले, येस."

"काळजी वाटते म्हणाला?" आईंनी विचारलं.

"हो."

मीही मग राहिलेलं सांगून टाकलं. निबंधात हे सगळं तिने लिहिलं होतं, मी खोडलं, तिची जागा माझ्यामुळे गेली, आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वीही मी तुम्हाला खोटंच सांगितलं. आईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मला काय झेपेल नि काय नाही, ते तुम्ही दोघींनी ठरवलंत," त्या म्हणाल्या. "मला विचारलं असतंत तर मी भावाचं लग्न सोडलं असतं. किंवा नसतंही सोडलं. पण डोळा माझा होता ना?"

त्या उठल्या. केतकी मागोमाग गेली, पण शेजारी नाही, चार पावलं अंतर ठेवून. दोघी कॉरिडॉरमधून जाताना मी बघत राहिले. तशी शरम मला नोकरीत त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

पुढचे काही महिने त्या घरात फार कठीण गेले. केतकी मला एवढंच सांगायची, "शी टॉक्स टू मी. ओन्ली नेसेसरी थिंग्ज." आई जेवायला वाढायच्या, डबा द्यायच्या, पण नजर टाळायच्या. दवाखान्यात मात्र तिला न्यायचं त्यांनी बंद केलं. वडिलांनी दोघींमध्ये पडायचं नाकारलं. ते म्हणाले, मी ड्यूटीवर गेलो नसतो तर हे झालंच नसतं, आता मी कुणाला बोलू?

त्या हिवाळ्यात आमच्या मंडळींचं संक्रांतीचं हळदीकुंकू एकीच्या घरी होतं. गप्पा डॉक्टरांवर आल्या आणि एकीने केतकीच्या आईला, कदम वहिनींना, चावी दिली, "तुम्हाला तर किती वाईट अनुभव आला, नाही का?" केतकी पलीकडे तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती.

कदम वहिनी म्हणाल्या, "नाही हो. त्या डॉक्टरानं सांगितलं होतं. त्याला काळजीही वाटत होती. मी उगाच त्याचं नाव घेत होते. आमच्याकडूनच राहून गेलं."

'आमच्याकडून' म्हणाल्या. केतकीने ताट खाली ठेवलं आणि आत गेली. थोड्या वेळाने आईही आत गेल्या. दार बंद झालं आणि बराच वेळ उघडलं नाही. बाहेर बायका उखाणे घेत होत्या.

नंतर कळलं, की वहिनी त्या हॉस्पिटलात जाऊन त्या डॉक्टरची चौकशीही करून आल्या होत्या. तो केव्हाच नोकरी सोडून आपल्या देशात गेला होता.

केतकीने पदवी पूर्ण केली. प्रवेश परीक्षेत पहिल्यांदा थोडक्यात राहिली, दोन वर्षं एका लॅबमध्ये काम केलं, पुन्हा बसली आणि दुसऱ्या अमिरातीतल्या कॉलेजात तिला जागा मिळाली. शिफारसपत्र डॉक्टर ताहांनी स्वतः मागून लिहिलं. पाकीट बंद होतं, आत काय होतं मला माहीत नाही. निबंध तिने मला वाचायला दिला. मी पेन ड्रॉवरमध्ये ठेवून मगच वाचला. त्यानंतरच्या वर्षांत मी एकाही मुलाचं वाक्य खोडलं नाही. माझ्या हातून पास होणाऱ्यांची संख्या कमी झाली असणार, रोल्लात माझं नावही थोडं उतरलं. आज केतकी शेवटच्या वर्षाला आहे. हमीपत्र मिळालं असतं तर ती दोन वर्षं आधी डॉक्टर झाली असती. ती दोन वर्षं मी तिची घेतली, हे काही पुसलं जात नाही.

निवृत्तीच्या आधी माझ्या मोतीबिंदूच्या तपासणीला मी रोल्लाजवळच्या एका नेत्र दवाखान्यात गेले होते. वेटिंगमध्ये कदम वहिनी भेटल्या. डाव्या डोळ्याची नियमित तपासणी होती. एकट्याच आल्या होत्या, मांडीवर फाइल, वहीत पेन अडकवलेलं.

"केतकी नाही आली?"

"तिची वॉर्डात ड्यूटी. आणि तिला मी आणतच नाही."

त्यांचं नाव पुकारलं. सवयीने मी उठले. "मी येऊ का आत? डॉक्टर इंग्रजीत भराभर बोलतात."

"नको मॅडम, बसा तुम्ही," त्या म्हणाल्या. "नाही समजलं तर परत विचारते. तिसऱ्यांदा विचारलं की ते आपोआप सावकाश बोलतात."

त्या आत गेल्या. नर्सने दार पूर्ण लावलं नव्हतं. डॉक्टर काहीतरी म्हणाला, लांबलचक. मग वहिनींचा आवाज आला, ठणठणीत.

"डॉक्टर साब, नहीं समझा. फिर से बोलो. मैं लिखती हूं."

आणि मग तो डॉक्टर, एकेक शब्द सुटा करत, पहिल्यापासून पुन्हा सांगू लागला.